ताटातली मिरी, मेजावरची कवटी

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पीटर क्लास या हार्लेमच्या चित्रकाराचे १६२७ सालचे एक चित्र आहे. मेजावर पांढरेशुभ्र कापड अंथरले आहे. मागे टर्कीचे मांस भरून भाजलेली भलीमोठी पाई आहे आणि तिच्यावर त्याच पक्ष्याचे डोके, पंख पिसांसकट मांडून ठेवले आहेत. जवळच सोनेरी बैठकीवर बसवलेला शंखाचा पेला. चिनी वाडग्यात फळे. उघडलेले कालवे, पाव, ऑलिव्ह, हिरवट काचेच्या पेल्यात वाइन, आणि अर्धवट सोललेले लिंबू. या सगळ्या थाटात एक अगदी साधी वस्तू आहे, ती म्हणजे कागदाची पुडी. आपल्याकडे शेंगदाणेवाला बांधून देतो तशी, कोनासारखी गुंडाळलेली. तिच्यात मिरी आहे.

राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातली चित्रे मोठ्या आकारात इंटरनेटवर खुली ठेवली आहेत, त्यामुळे घरबसल्या त्या पुडीपर्यंत जाता येते. मी बऱ्याचदा जातो. क्लास आणि त्याच्याच गावचा विलेम हेडा यांच्या न्याहारीच्या चित्रांत ही पुडी पुन्हा पुन्हा भेटते, आणि पुष्कळदा ती अल्मनाकच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या पंचांगाच्या, छापील पानाची असते. सरलेल्या वर्षाचे पान फाडायचे आणि त्यात समुद्रापलीकडून आलेला महागडा मसाला बांधायचा. सतराव्या शतकातल्या या डच स्थिरचित्रांमधला समृद्धीचा आणि मरणाचा संबंध मला त्यांतल्या काहींत रंगवलेल्या कवटीपेक्षा या पुडीत जास्त खरा वाटतो.

या चित्रांविषयी जे नेहमी सांगितले जाते ते खोटे नाही, पण अर्धे आहे. ‘सगळे वैभव नश्वर आहे’ एवढे सांगून संग्रहालयातला, चित्राशेजारचा माहितीचा फलक थांबतो. नश्वर कोण, तर ज्याच्या घरात हे चित्र टांगले होते तो मालक. ते ताट भरण्यासाठी जे मेले त्यांचे मरण चौकटीबाहेर राहिले, आणि साडेतीन-चार शतके ते बाहेरच आहे. संग्रहालयांनी ते आत आणावे, त्याच चित्राशेजारी, त्याच फलकावर, असे माझे स्पष्ट मत आहे. नेदरलँड्समध्ये यावरून गेली काही वर्षे मोठा वाद चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी जे बोलले जाते ते मला अपुरे वाटते.

आधी कवटीबद्दल. या प्रकारच्या चित्रांना ‘व्हॅनिटास’ म्हणतात. शब्द बायबलमधला. उपदेशकाच्या पुस्तकाची सुरुवात मराठी बायबलमध्ये ‘व्यर्थ हो व्यर्थ’ अशी येते, त्यातले ‘व्यर्थ’ म्हणजे लॅटिनमधले ‘व्हॅनिटास’. हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये क्लासचेच १६३० चे व्हॅनिटास आहे. कवटी, हाडे, जाडजूड जुनी पुस्तके, लेखणी, उघडे घड्याळ, आडवा पडलेला रिकामा पेला आणि नुकताच विझलेला दिवा. रंग जवळजवळ दोनच, तपकिरी आणि राखाडी. हे चित्र पाहताना आवाज बंद झाल्यासारखे वाटते. मरणाचे इतके शांत चित्र फार थोड्यांना जमले आहे.

स्वतंत्र व्हॅनिटास म्हणून आज जे सर्वांत जुने चित्र ज्ञात आहे ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. जाक दे गेन याने ते १६०३ मध्ये रंगवले. कोनाड्यात कवटी, तिच्या डोक्यावर तरंगणारा मोठा बुडबुडा, बाजूला ट्यूलिप, पुढ्यात विखुरलेली नाणी. माणूस म्हणजे बुडबुडा ही म्हण युरोपात लॅटिनमधून चालत आलेली. आपल्याकडे जन्माला पाण्यावरचा बुडबुडा म्हणण्याची सवय कीर्तनापासून स्मशानापर्यंत सगळीकडे आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. तो पाहताक्षणी मान हलवतो. माझीही मान हललीच होती. तेवढ्यावर समाधान मानण्यात काही राहून जाते आहे हे कळायला मला बराच काळ लागला.

राहून काय जाते ते त्या वर्षातच दिसते. १६०३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे दे गेनने बुडबुडा रंगवला त्याच वर्षी, डचांनी सिंगापूरजवळ सांता कातारिना हे पोर्तुगीज जहाज पकडले. मकावहून मलाक्याला निघालेले हे जहाज रेशीम, साखर, कस्तुरी आणि चिनी मातीच्या भांड्यांनी गच्च भरलेले होते. भांडीच लाखाच्या घरात असल्याचे सांगतात. पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला त्या मालाचा लिलाव झाला आणि युरोपभरचे श्रीमंत तुटून पडले. ही लूट कायदेशीर कशी, हे सिद्ध करण्याचे काम ह्युगो ग्रोशियस या तरुण वकिलाकडे आले, आणि समुद्र सर्वांसाठी मुक्त आहे हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला प्रसिद्ध सिद्धान्त त्याच प्रकरणातून १६०९ मध्ये छापून बाहेर आला. डच लोक या निळ्या-पांढऱ्या भांड्यांना ‘क्राक’ म्हणतात. ते नाव पोर्तुगीजांच्या मोठ्या जहाजांवरून पडले असे मानतात. पुढे क्लासपासून विलेम काल्फपर्यंतच्या चित्रांत अशी चिनी भांडी, ताटे, वाडगे, आल्याच्या बरण्या, मोठ्या दिमाखात झळकतात. फलक सांगतो, नाजूक चिनी माती, कधीही फुटेल, आयुष्यासारखी. ते खरेच. पण ते भांडे तिथे कसे आले हेही खरेच आहे, आणि मला ते आधी सांगावेसे वाटते.

इथे चिन्हांच्या कोशाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण या कोशाने या चित्रांचे बरेच नुकसान केले आहे. लिंबू म्हणजे दिसायला सुंदर आणि चवीला आंबट, कालवे म्हणजे वासना, पेला म्हणजे भंगुरता, माशी म्हणजे कुजणे. पर्यटकांच्या पुस्तकात अशी यादी असते, आणि चित्रासमोर उभे राहून माणसे ती ताडून पाहतात. खुद्द डच अभ्यासकांत यावर कडाक्याचा वाद झाला. १९७६ मध्ये एडी दे यॉन्ग यांनी राइक्सम्युझियममध्ये भरवलेल्या प्रदर्शनाने या शतकातल्या साध्या वाटणाऱ्या चित्रांमागे बोधकथा आणि म्हणी लपलेल्या असतात हे मत रूढ केले. १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी त्याला उलटून प्रश्न केला. ही माणसे भिंगे, नकाशे आणि सूक्ष्मदर्शकांच्या जगात वावरत होती, डोळ्यांना दिसणारे जग टिपणे हेच त्यांना मोलाचे होते, प्रत्येक लिंबाखाली प्रवचन कशाला शोधायचे? आणि हा संशय नवा नव्हता. १७०७ मध्येच जेरार्ड दे लेरेसे या चित्रकार-लेखकाने काल्फवर ठपका ठेवला होता की हा माणूस अप्रतिम रंगवतो, पण अमुक वस्तू का रंगवली याचे कारण देत नाही.

मी या वादात आल्पर्स यांच्याकडे झुकतो, आणि त्याचे कारण शाळेतले आहे. महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या हजारो मुलांप्रमाणे मीही इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा दिली. स्थिरचित्राच्या पेपरला समोर कापडाची चुणीदार पार्श्वभूमी, त्यावर एक किटली, एक वांगे, एक कांदा. किटलीच्या पोटावर वांग्याचे जांभळे प्रतिबिंब पडले होते आणि ते मला शेवटपर्यंत जमले नाही. त्या तीन तासांत वांगे कशाचे प्रतीक आहे हा विचार मनात आला नाही. आला तो एवढाच की वांगे इतके चमकते कसे. जो कोणी हे एकदा करून बसला आहे त्याला क्लासच्या लिंबाच्या सालीतली ओल, तिची आतली पांढरी बाजू, तिचा पीळ पाहून कळते की हा माणूस आधी लिंबू पाहत होता.

आणि लिंबू लिंबू म्हणून पाहिले की लगेच पुढचा प्रश्न येतो: हार्लेममध्ये लिंबू आले कुठून? तिथल्या थंडीत ते उघड्यावर पिकत नाही. ते भूमध्य समुद्राकडून आले. टर्की अमेरिकेतला पक्षी. मिरी जावा, सुमात्रा आणि मलबारची. मीठ पोर्तुगालच्या सेतूबालहून किंवा कॅरिबियन किनाऱ्यावरून. शंख हिंदी-प्रशांत महासागरातला. चिन्ह म्हणून पाहिले तर वस्तू वाफ होऊन जाते, तिला ना बंदर राहते ना वजन ना भाव. वस्तू म्हणून पाहिले तर तिच्या मागे जहाज दिसू लागते आणि जहाजात माणसे. ज्युली हॉकस्ट्रॅसर या अमेरिकी अभ्यासिकेने २००७ मध्ये या चित्रांतल्या एकेका मालाचा असा माग काढून दाखवला. म्हणजे अभ्यासकांना हे ठाऊक आहे. ते भिंतीवरच्या फलकापर्यंत पुरेसे पोचलेले नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.

आता बांदा. इंडोनेशियाच्या मालुकू भागातली ही इवलीशी बेटे. सतराव्या शतकात जगातले सगळे जायफळ आणि सगळी जायपत्री तिथूनच येत असे, दुसरीकडे कुठेच ते झाड लावलेले नव्हते. आपल्या पुरणात, श्रीखंडात किसून घालतात ते जायफळ, त्या काळात कोकणात कुणाच्या घरी आले असेल तर तेही अनेक हात बदलत याच बेटांवरून आलेले. बांदाच्या लोकांना राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणवणारी प्रतिष्ठित मंडळी कारभार पाहत आणि जावाच्या, अरब, चिनी, गुजराती, कोणत्याही व्यापाऱ्याला माल विकत. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि तिला हा माल एकट्याला हवा होता. कंपनीने काही ओरांग काया मंडळींच्या सह्या घेतल्या, करार आपल्या सोयीने लावला, आणि बेटांवरचे लोक इतरांना माल विकत राहिले तेव्हा त्याला करारभंग ठरवले. त्यांना तांदूळ हवा होता, कापड हवे होते, आणि डच ते पुरेसे देत नव्हते. १६०९ मध्ये बांदाच्या लोकांनी डच सेनानी फेरहूफ याला दगा करून मारले, हेही सांगितले पाहिजे.

१६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून आरमार घेऊन आला. ४४ ओरांग काया मंडळींना बांबूच्या कुंपणात कोंडून कंपनीने भाड्याने ठेवलेल्या जपानी सैनिकांकडून त्यांची डोकी उडवली गेली. गावे जाळली. डोंगरात पळालेले उपासमारीने मेले, काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या, शेकडो लोकांना गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेले. बेटांवर आधी साधारण १५,००० वस्ती असावी असा अंदाज आहे, मागे राहिली ती हजाराच्या आसपास. मग कंपनीने जायफळाच्या बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि त्यांत राबायला दुसरीकडून गुलाम आणले. आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरून दुष्काळात विकली गेलेली माणसे याच काळात कंपनीच्या जहाजांतून पूर्वेकडे नेली जात होती.

क्लासने टर्कीची पाई रंगवली ती यानंतर सहा वर्षांनी.

त्याच्या पुडीत मिरी आहे, जायफळ नाही, आणि हा फरक मी पुसणार नाही. मिरी अनेक देशांत पिके, तिचा बाजार मोठा होता, आणि तिच्यावर बांदासारखी एकहाती मक्तेदारी कंपनीला मिळाली नाही. पण जहाजे तीच होती, भागधारक तेच, वखारी त्याच. पाईच्या सारणात जायफळ, लवंग पडत असे. मेजावरच्या साखरेच्या मिठाईमागे ब्राझील होते. १६३० ते १६५४ या काळात ईशान्य ब्राझीलचा ऊस डचांच्या ताब्यात होता, आणि त्या मळ्यांसाठी माणसे पकडून आणता यावीत म्हणून त्यांनी १६३७ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला घेतला. ती मोहीम पाठवणारा गव्हर्नर योहान मॉरित्स. क्लासची ती शांत कवटी ज्या मॉरित्सहाउसमध्ये टांगली आहे ते घर याच माणसाने बांधले. त्याच्या हयातीतच लोक त्याला साखरेचे घर म्हणत.

असे म्हणतात की त्या काळच्या माणसाला हे कळण्याचा मार्ग नव्हता, आजचे मोजमाप कालच्याला लावू नका. हा आक्षेप प्रामाणिक आहे म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. कून जे करून आला त्यावर त्याच्या काळातच डच माणसांनी बोट ठेवले होते. कंपनीच्या संचालकांनी हे अधिक संयमाने व्हायला हवे होते असे त्याला कळवले, जरी बेटे मात्र ठेवून घेतली. बांदाला जाऊन आलेल्या कंपनीच्याच एका माणसाने लिहून ठेवले की आपण इतकी वर्षे आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलो तसेच हे लोक त्यांच्या देशासाठी लढत होते. स्पेनविरुद्ध ऐंशी वर्षे झगडणाऱ्या देशातल्या माणसाने हे लिहावे याला अर्थ आहे. म्हणजे ज्या मोजमापाने आपण आज मोजतो ते तिथे होते. ते चित्राच्या चौकटीत आले नाही, एवढेच.

आणि मरण दाखवायला हा समाज कचरत होता असेही नाही. उलट इतके मरण कोणी मांडले नसेल. अ‍ॅमस्टरडॅमचा शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश अर्भकांचे सांगाडे मूत्रखड्यांच्या डोंगरावर आणि रक्तवाहिन्यांच्या झुडपांत उभे करून देखावे रचत असे. एखादा सांगाडा शरीरातल्या पातळ पडद्याचा रुमाल डोळ्यांना लावून रडताना दाखवलेला असे. लोक ते पाहायला येत. रशियाच्या झार पीटरने १७१७ मध्ये तो सगळा संग्रह विकत घेतला. त्याच घरात वाढलेली त्याची मुलगी राखेल रॉइश युरोपातली नामांकित फुलांची चित्रकार झाली, दहा मुलांची आई होऊनही ऐंशी ओलांडेपर्यंत रंगवत राहिली, आणि तिच्या फुलांवर किडे, अळ्या, कोमेजायला लागलेल्या कडा नेहमी असतात. बाप-लेकीच्या या घराविषयी वेगळा लेख लिहायला हवा. इथे सांगायचे ते एवढे की आपल्या मरणाकडे, आपल्या मुलांच्या मरणाकडे टक लावून पाहणारा हा समाज होता. १६३५-३६ च्या प्लेगमध्ये हार्लेम, लायडन ओस पडत होते. ते दुःख खरे होते, कवटी नाटकी नव्हती. म्हणूनच बाकीच्यांच्या मरणाची अनुपस्थिती जास्त खुपते.

बाकीच्यांत डच बाजूची गरीब माणसेही येतात. १६०२ ते १७९५ या काळात कंपनीच्या जहाजांतून जवळजवळ दहा लाख माणसे आशियाकडे निघाली. त्यांतली निम्मीसुद्धा परतली नाहीत. कित्येक जण जर्मन खेड्यांतले, स्कँडिनेव्हियातले, कर्जात बुडालेले, भुलवून भरती केलेले. स्कर्व्हीने हिरड्या सडून ही मुले समुद्रात गेली. ज्या पेल्यातली वाइन संपली म्हणून आपण हळहळतो, त्या पेल्याशेजारच्या मिरीचा हिशेब यांच्या नावावर आहे.

एका फुलाचे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या काळातल्या फुलांच्या चित्रांत पांढऱ्या पाकळीवर लाल ज्वाळांसारख्या रेघा असलेले ट्यूलिप दिसतात. १६३७ च्या फेब्रुवारीत ट्यूलिपचा बाजार कोसळला ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि ती फुगवूनही फार सांगितली गेली आहे. कमी लोकांना ठाऊक असते ते हे की त्या रेघा रोगाच्या होत्या. मावा या किडीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे पाकळीचा रंग तुटतो, आणि ट्यूलिपचा कंद पिढ्यान्‌पिढ्या अशक्त होत जातो. विसाव्या शतकात त्याचे कारण सापडले. बाजारात सर्वांत महाग होते ते आजारी फूल. चित्रकाराला हे माहीत नव्हते, त्याने फक्त सुंदर दिसले ते रंगवले. आज त्या चित्राखाली विषाणूची माहिती लिहिली तर कुणी म्हणत नाही की तुम्ही सौंदर्यावर डाग लावलात. उलट फूल पुन्हा एकदा वाकून पाहिले जाते. मग मिरीच्या बाबतीत एवढा संकोच का?

वाद इथेच तापलेला आहे. २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम म्युझियमने सतराव्या शतकासाठी ‘सुवर्णयुग’ हा शब्द वापरणे बंद करायचे ठरवले. पंतप्रधान मार्क रुटे यांना तो निर्णय पटला नाही आणि त्यांनी तसे उघडपणे बोलून दाखवले. राइक्सम्युझियमने शब्द कायम ठेवला. पण २०२१ मध्ये त्याच राइक्सम्युझियमने गुलामगिरीवर मोठे प्रदर्शन भरवले आणि कायमच्या दालनांतल्या सत्तरहून अधिक वस्तूंशेजारी त्यांचा गुलामगिरीशी असलेला संबंध सांगणारे जादा फलक लावले. १९ डिसेंबर २०२२ रोजी रुटे यांनीच सरकारच्या वतीने माफी मागितली. सहा लाखांहून अधिक आफ्रिकी माणसांना डच जहाजांनी अटलांटिकपार नेले, आणि आशियात गुलाम म्हणून विकल्या-नेलेल्यांची संख्या ६,६०,००० ते दहा लाखांहून अधिक असावी, हे त्या भाषणात सांगितले गेले. १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी माफी मागितली.

‘सुवर्णयुग’ हा शब्द राहावा की जावा यात माझा जीव अडकलेला नाही. शब्द काढला आणि फलक तसाच ठेवला तर काही बदलत नाही. शब्द ठेवला आणि फलक बदलला तर पुष्कळ बदलते. सत्तर फलकांची कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिच्यातली एक मर्यादाही दिसते. जादा फलक म्हणजे दुसरा फलक. एका फलकावर कला, दुसऱ्यावर पाप. पाहणाऱ्याला निवड करता येते, आणि बहुतेक जण थकलेल्या पायांनी पहिलाच वाचून पुढे जातात. माझे म्हणणे, ही दोन वाक्ये एकाच परिच्छेदात असली पाहिजेत. चित्र जर स्वतःच मरणाविषयी बोलत असेल तर मरणाची माहिती ही त्याला बाहेरून चिकटवलेली गोष्ट कशी होईल? एखाद्या निसर्गचित्राखाली बांदाचे हत्याकांड सांगणे ओढूनताणून आणलेले वाटेल, ते मी मानतो. पण जे चित्र पाहणाऱ्याला उभे करून विचारते, ‘हे सगळे सोडून जायचे आहे, ठाऊक आहे ना?’, त्याला ‘हे सगळे आले कुठून?’ असे उलट विचारण्याचा हक्क पाहणाऱ्याला आहे.

विरोधकांचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. सगळेच ताट लुटीचे नव्हते. हेरिंग मासा, चीज, बिअर, पाव हे घरचे किंवा बाल्टिक समुद्राकडच्या धान्य व्यापारातले, आणि डच समृद्धीचा मोठा भाग त्या नीरस, कष्टाच्या व्यापारावर उभा होता. फ्लोरिस फान डाइकच्या चित्रातल्या चीजच्या चळतीखाली गुलामगिरीचा इतिहास लिहिला तर ते खोटे ठरेल. म्हणून सरसकट शिक्का नको. वस्तू बघून लिहावे. चीज असेल तिथे चीजची गोष्ट, मिरी असेल तिथे मिरीची. असे केले तर अपराधाच्या भावनेने थिजून जाण्याची भीतीही राहत नाही, कारण माणसाला एकेका वस्तूशी काम पडते, सगळ्या शतकाशी नाही.

चित्रकाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचाही प्रश्न नाही. या मंडळींना त्यांच्या काळात फारसा मान नव्हता. १६७८ मध्ये सॅम्युएल फान होखस्ट्रातेनने स्थिरचित्रवाल्यांना कलेच्या सैन्यातले साधे शिपाई म्हटले. क्लास कालवे रंगवून पोट भरत होता. त्याने जे पाहिले ते इतक्या निष्ठेने टिपले की चारशे वर्षांनी आपण त्या पुडीचा कागद ओळखतो. त्याच्या या निष्ठेमुळेच आपल्याला पुढचे विचारता येते. त्याने मिरीऐवजी नुसता काळा ठिपका काढला असता तर विचारण्यासारखे काही उरले नसते.

क्वचित मात्र चौकटीबाहेरचा माणूस चौकटीत येतो, आणि ते पाहणे जास्त अवघड जाते. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये युरियान फान स्ट्रेकचे एक स्थिरचित्र आहे. चिनी भांडी, आणि त्यांच्या मागे एक काळा सेवक. तो माणूस आहे, पण मांडणी अशी की तोही चिनी भांड्यासारखा, दुरून आणलेल्या सुंदर वस्तूंपैकी एक. त्या काळी अ‍ॅमस्टरडॅममध्ये, रेम्ब्रांटच्या घराच्या आसपासच्या गल्ल्यांत, काळी माणसे राहत होती, लग्ने करत होती, मुलांचे बाप्तिस्मे करत होती, नोंदवह्यांत त्यांची नावे आहेत. चित्रातल्या सेवकाला नाव नाही. ज्या शैलीत माशीच्या पंखावरची शीर दिसते, त्या शैलीने या माणसाला काय दिले हा प्रश्न मी कवटीपेक्षा जास्त वेळ घेऊन त्या चित्रासमोर विचारीन.

हे सगळे दूर युरोपातले आहे आणि मी मुद्दाम ते तिथेच ठेवले आहे. तरी एक धागा आपल्याकडे येतो. शिवकाळातली कागदपत्रे ज्यांना ‘वलंदेज’ म्हणतात ते हेच लोक. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना त्यांना जवळ तळ हवा होता, आणि त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिच्या पडक्या भिंती आजही गावात उभ्या आहेत. ती वखार पाहायला जाणारा माणूस ‘डच वखार’ ही पाटी वाचतो, फोटो काढतो आणि परततो. तिथून कोणता माल कुठे जात होता, कोणत्या ताटात पडत होता, हे सांगणारी एक ओळ तिथे असती तर हार्लेमचे मेज आणि वेंगुर्ल्याचा समुद्र एकाच नकाशावर आले असते.

क्लासच्या टर्कीच्या पाईखाली मला काय लिहिलेले हवे आहे? कापडावरचा प्रकाश कसा रंगवला आहे ते हवे, पंचांगाच्या पानाची पुडी म्हणजे सरलेला काळ असे कुणाला वाटले असेल तर तेही हवे. त्याच दमात १६२१ हे साल हवे आणि बांदा हे नाव हवे. आणि ते फक्त डच व इंग्रजीत नको. बांदाच्या कत्तलीतून जे थोडे लोक होड्यांनी पळाले ते पूर्वेकडच्या काई बेटांवर जाऊन वसले. खुद्द बांदा बेटांवर आता त्यांची जुनी भाषा उरलेली नाही. पण काई बेटांवरच्या बांदा एली आणि बांदा एलात या दोन गावांत ती अजून बोलली जाते. त्या फलकावरची एक ओळ त्या भाषेत असावी, आणि ती काय असावी हे त्या गावांतल्या माणसांना विचारावे.